घरातले फौजी: तुमच्या आठवणी लिहा

नौपाडाकर
बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, म्हणून माळा रिकामा करायला घेतला. आप्पांची काळी ट्रंक निघाली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत आंतर्देशीय पत्रं आणि ७१ च्या युद्धाचं पूर्वी स्टार पदक. आप्पा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, ७१ च्या युद्धात आत्ताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. लढाईचं विचारलं की एवढंच म्हणायचे, "थंडी फार होती." बेळगावच्या ट्रेनिंगवर मात्र तासभर. रिटायर झाल्यावर दर रविवारी घरातल्यांचे बूट गॅलरीत मांडून पॉलिश करायचे, सुनांच्या चपलासुद्धा. आईने संकोचून चपला लपवल्या, तर शोधून काढल्या! तुमच्याकडचे कसे होते?

ऐरोलीची सून
सासरे नेव्हीत, स्टोअर्सला. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची पट्टी. नवीन होते तेव्हा रडायचीच बाकी होते. पण माझ्या बाळंतपणात रात्री दोनला उठून लंगोट धुणारे तेच. कुकर झाला, नंतर लिहिते

कोपरीवाला
पत्राचा पत्ता नुसता ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस. आजी पोस्टमनला विचारायची, हे गाव कुठं आलं रे? ७१ ला ९९ एपीओ आलं तेव्हा म्हणाली, बदली झाली वाटतं, गावाचा नंबर वाढला 😄

जुनाट
@नौपाडाकर जमालपूर म्हणजे १ मराठा, जंगी पलटण. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं, १६ ला ढाका. आप्पांना सलाम. पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते.

नौपाडाकर
@जुनाट पिशवीतच कोंबली होती, काढतो आत्ता.

वाशी सेक्टर १७
बाबा गेल्यापासून नोव्हेंबरात आईला हयातीच्या दाखल्यासाठी नेतो. तिच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, भांडी घासून गेलेत. बाबांचेही उमटायचे नाहीत. मग ते मशीनसमोर सावधानमध्ये उभे राहायचे, त्याने काही फरक पडेल असं वाटून. आई यंदा तशीच उभी राहिली.

ऐरोलीची सून
@वाशी अरे देवा. आईंना नमस्कार सांगा.

चिंटू_कळवा
आमचे मामा कोलशेतला एअर फोर्समध्ये. आम्हाला त्यांची देशसेवा म्हणजे कॅन्टीनची रम एवढीच माहीत 🙈

कोपरीवाला
आमच्याकडे रम गुडघ्यांना चोळायला आणतात असं आजीला सांगितलेलं.

चिंटू_कळवा
मग? गुडघे बरे झाले का?

कोपरीवाला
आजोबांचे झाले. पुढे आजीपण म्हणायला लागली, माझेही दुखतात.