मदत हवी आहे: लॅटिन धातू पाठ आहेत, पण वाचताना शब्द उलगडत नाहीत

पानटीप:
इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्यासाठी लॅटिनचे दीडेकशे धातू आणि तीसेक उपसर्ग अर्थासकट पाठ केले आहेत. तरी वाचताना तीन ठिकाणी अडतं.

'कॅप' म्हणजे घेणे, धरणे हे ठाऊक असूनही तो 'रिसीव्ह', 'डिसेप्शन', 'इन्सिपियंट' यांत दिसत नाही. 'इन' म्हणजे नकार धरला तर 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारा असा अर्थ निघतो, आणि तो साफ उलटा आहे. तिसरं म्हणजे फोड बरोबर येते, पण अर्थ चुकतो. 'इग्रीजस' = बाहेर + कळप. पुढे काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

जोडाक्षर:
पहिल्या अडचणीचं कारण यादीतच आहे. यादीत धातूचं एकच रूप असतं, शब्दांत मात्र तो चार रूपांनी येतो. आपल्याला 'कृ' एकटा पाठ करावा लागत नाही. कार, कृत, करण, क्रिया ही एकाच घरची माणसं आहेत हे कानाला कळतं. लॅटिनसाठी तेवढा कान तयार करायचा.

नियम सोपा आहे. धातूच्या आधी उपसर्ग लागला की धातूतला 'ए' (a) हा स्वर बारीक होतो. त्याच्यापुढे एकच व्यंजन असेल तर 'आय' (i), दोन असतील तर 'ई' (e). म्हणून कॅप्चर, पण रेसिपियंट, आणि रिसेप्शन. तसंच फॅक्ट, पण डेफिशियंट, आणि डिफेक्ट. एकेरी व्यंजनापुढे 'ई' चाही 'आय' होतो: 'स्पेक' चा 'स्पिक' होऊन कॉन्स्पिक्युअस. 'रिसीव्ह' मात्र फ्रेंचच्या वाटेने आला, म्हणून तो वेगळा दिसतो. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं, त्यानंतरच्या शतकांत अशा शब्दांची रीघच लागली. तेव्हा उजळणीसाठी शब्दांची कार्डं करा, आणि कार्डावर 'कॅप' एवढंच न लिहिता 'कॅप / सिप / सेप्ट / सीव्ह' अशी चारही रूपं एका ओळीत लिहा.

उपसर्गांचंही तेच. उत् + लेख = उल्लेख, सत् + जन = सज्जन, हा संधी आपल्याला येतोच. लॅटिनमध्ये 'ॲड' (कडे) पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो: अफेक्ट, ॲग्रिगेट, असिमिलेट. 'इन' चं इलीगल, इम्मॉरल, इर्रेग्युलर. 'सब' चं सफिक्स, सप्रेस. सुरुवातीच्या स्वरानंतर व्यंजन जोडीने आलं, की तिथे उपसर्ग दडला असेल अशी शंका घ्यायची.

याने स्पेलिंगही पक्कं होतं, आणि हा फायदा फार कमी लोक उचलतात. 'अकॉमोडेट' मध्ये दोन सी, कारण ॲड चा अक् झाला. दोन एम, कारण पुढे कॉम + मोड. 'रेकमेंड' मध्ये एकच सी, कारण री + कमेंड. 'डिसअपॉइंट' मध्ये एकच एस, कारण डिस + अपॉइंट. पण 'डिससॅटिस्फाय' मध्ये दोन.

अर्धविराम:
'इन' हे दोन वेगळे उपसर्ग आहेत, फक्त स्पेलिंग एक. एक नकाराचा, दुसरा 'आत, वर' या अर्थाचा. विशेषणाला लागला असेल तर बहुधा नकार (इन्सेन, इन्व्हिजिबल). क्रियापदाला लागला असेल तर बहुधा 'आत' (इन्व्हेड, इंपोर्ट). 'इन्फ्लेमेबल' हा 'इन्फ्लेम', म्हणजे पेटवणे, यापासून झाला आहे. घोटाळा जिवावर बेतू शकतो म्हणून हल्ली धोक्याच्या पाट्यांवर 'फ्लॅमेबल' लिहितात.

'इग्रीजस' चं उत्तर त्याच्या कुटुंबात, म्हणजे त्याच धातूच्या इतर शब्दांत आहे. 'ग्रेग' = कळप. ग्रिगेरियस: कळपात रमणारा. काँग्रिगेट: एकत्र जमणे. सेग्रिगेट: कळपापासून वेगळं काढणे. ॲग्रिगेट: कळपाला जोडत गेलेली बेरीज. इग्रीजस: कळपातून उठून दिसणारा. सोळाव्या शतकात हा शब्द स्तुतीसाठीही वापरत. आज फक्त डोळ्यांत खुपणाऱ्या वाईटासाठी, जसं 'इग्रीजस एरर'. हे वळण धातू सांगत नाही, वाक्यच सांगतं. धातू ही शब्द लक्षात ठेवायची खुंटी आहे. अर्थ वाक्यातूनच घ्यायचा.

म्हणून कार्ड असं करा. पुढच्या बाजूला वाचनात आलेलं अख्खं वाक्य, शब्दाखाली रेघ. मागे तीन ओळी: फोड, शब्दशः अर्थ, आजचा अर्थ. आठवड्याला दोनच कुटुंबं, प्रत्येकी पाच-सहा शब्द, त्यांतले निदान दोन आधीच येणारे. उदाहरणार्थ इन्स्पेक्ट आणि स्पेक्टेटर येतात, त्यांना सर्कमस्पेक्ट (चौफेर पाहून वागणारा) आणि पर्स्पिकेशस (आरपार पाहणारा) जोडा. उजळणी १, ३, ७ आणि २१ व्या दिवशी. दीडशे धातू एकदम घेतले तर आठवतात ते फक्त यादीच्या क्रमाने, आणि वाचताना तो क्रम हाताशी नसतो.

पानटीप:
खूप आभार, 'ग्रेग' मुळे डोक्यात प्रकाश पडला. एक शंका: फोड खरी की ओढूनताणून केलेली, हे कसं ओळखायचं? 'पेड' म्हणजे पाय, मग 'पीडिॲट्रिक्स' आणि 'टॉर्पीडो' मध्येही पायच का?

जोडाक्षर:
दोन्हींत नाही. पीडिॲट्रिक्समधला 'पेड' ग्रीक आहे, अर्थ मूल. टॉर्पीडो आला बधिर होणे या अर्थाच्या 'टॉर्प' पासून; ते मुळात विजेचा झटका देणाऱ्या माशाचं नाव. खरा पाय इंपीड (पायात बेडी घालणे, म्हणजे अडवणे) आणि एक्स्पिडाइट (पाय मोकळे करणे, म्हणजे काम लवकर उरकणे) या जोडीत आहे.

दोन चाचण्या लावा. उपसर्ग काढल्यावर उरलेला तुकडा दुसऱ्या उपसर्गासोबत त्याच अर्थाने सापडतो का? 'रीच' मधून 'री' काढला तर काहीच उरत नाही, तो शब्द लॅटिनमधून आलेला नाही, जर्मानिक कुळातला आहे. आणि कार्ड लिहिण्याआधी शब्दकोशातली व्युत्पत्तीची ओळ वाचा. तिथे लॅटिन आणि ग्रीक वेगळं दिलेलं असतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.