मदत हवी आहे: स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांकडून ओएचआयपी-१४ भरून घेताना

जळगाव-धुळे भागातले बाह्यरुग्ण, आजार स्थिर, औषधं चालू. ओएचआयपी-१४ ही दात-तोंडाच्या त्रासाचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम मोजणारी प्रश्नावली वापरतोय: १४ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, कमाल ५६; गुण जास्त तितका त्रास जास्त.

किडलेले, हलणारे दात समोर दिसतात, तरी अनेकजण सगळीकडे ‘कधीच नाही’ म्हणतात आणि बेरीज शून्य येते. हा शून्य खरा मानणं मला रुग्णावर अन्याय वाटतो. नकारात्मक लक्षणांत (भावना, बोलणं, उत्साह कमी होणं) तक्रार ओठांवर येतच नाही. शिवाय ट्रायहेक्सिफेनिडिलने (इतर औषधांमुळे येणारा कंप, ताठरपणा कमी करणारं औषध) तोंड कोरडं पडतं, क्लोझापिनने (स्किझोफ्रेनियाचं औषध) लाळ गळते. यावर १४ मध्ये थेट प्रश्नच नाही.

प्रश्न वाचून दाखवले. १२ महिन्यांऐवजी १ महिन्याचं विचारलं. पाच पर्यायांसाठी कमी-जास्त भरलेल्या पेल्यांचं चित्र केलं. ‘कळण्याची भाकर चावताना दुखतं का?’ असं अहिराणीत विचारलं की उत्तर बदलतं, पण मग विचारणाऱ्यागणिक शब्द बदलतात. नातेवाइकांची उत्तरं वेगळी ठेवली आहेत. लाज, संकोच त्यांना कुठून कळणार? दातांची तपासणी आणि पॅन्स (स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांची तीव्रता मोजणारी श्रेणी) दोन्ही नोंदवलं आहे.

मूळ १४ प्रश्न बदलायचे नाहीत, बैठक २० मिनिटांपुढे टिकत नाही.

मग अहिराणी उदाहरणं प्रत्येक प्रश्नाखाली ठरावीक शब्दांत छापून सर्वांना तीच वाचली, तर गुण इतर अभ्यासांशी ताडता येतील का? आणि लाळ-कोरडेपणाचे प्रश्न १४ च्या आधी घ्यावेत की नंतर?