शब्दचर्चा : खेळाडू गेला, नेला, फोडला की सुटला?

बाऊन्सपास
मार्च संपत आला की अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलवरच्या आपल्या गप्पा निम्म्या इंग्रजीत होतात. अमका डीकमिट झाला, तमका पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) गेला, कोचचा बायआउट परवडणार नाही. इंग्रजी शब्दांशी माझं भांडण नाही. पोर्टलला कोणी 'हस्तांतरण द्वार' म्हणायला लागलं तर मीच चर्चा सोडून जाईन. अडचण अशी की या शब्दांत कोणी कोणाला सोडलं ते दिसत नाही, आणि चाहत्यांची भांडणं नेमकी त्यावरच चालतात. मराठीत क्रियापद निवडताना बाजू घ्यावीच लागते: खेळाडू गेला, कोचने नेला, दुसऱ्याने फोडला, की आपणच घालवला? तर रिक्रूटिंग, कमिट-डीकमिट, टॅम्परिंग, बायआउट, कॅरोसेल, रेडशर्ट यांना तुम्ही काय म्हणता, आणि का?

शब्दवेल्हाळ
रिक्रूटिंगला 'भरती' म्हणू नये. भरतीत जाहिरात निघते, उमेदवार रांग लावतात, छाती मोजली जाते. इथे रांग कोचांची असते. माझ्या मते एका इंग्रजी शब्दात दोन वेगळी कामं दडली आहेत: 'हेरणं' आणि 'वळवणं'. हेरायला नजर लागते. वळवायला आई, वडील, शाळेचा कोच आणि उन्हाळी क्लब संघाचा कोच अशा सगळ्यांची मनधरणी लागते, आणि आता पैसाही. 'फलाण्या कोचचं रिक्रूटिंग चांगलं आहे' असं कोणी म्हटलं की आधी विचारावं, यातलं कोणतं? हेरण्यात तरबेज माणूस वळवण्यात कच्चा असू शकतो, आणि उलटही.

पारखी
सहमत. त्यालाच जोडून, रिक्रूटिंगच्या वेळापत्रकातले शब्द शब्दशः मराठीत आणले की अर्थ चुकतो. 'डेड पिरियड'चं 'मृत काळ' केलं की वाटतं सगळंच बंद. तसं नसतं. त्या दिवसांत कोच आणि खेळाडू प्रत्यक्ष भेटू शकत नाहीत, कॅम्पसवरही नाही. फोन आणि मेसेज मात्र चालू राहतात. म्हणून 'भेटबंदी' हा नेमका शब्द. 'क्वाएट पिरियड'मध्ये भेट होऊ शकते, पण विद्यापीठाच्या आवारातच. कोचने मुलाच्या घरी किंवा शाळेत जायचं नाही. त्याला मी 'आवारभेट' म्हणतो. 'इव्हॅल्युएशन पिरियड'मध्ये कोच खेळ पाहू शकतो, पण आवाराबाहेर मुलाशी समोरासमोर बोलू शकत नाही: नुसतं 'बघणं'. फायनल फोरच्या, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या, दिवसांत भेटबंदी असते. नवा कोच नेमका त्याच सुमारास नेमला गेला तर त्याची पंचाईत होते, कारण हातात फक्त फोन उरतो.

लेक्सिंग्टनकर
कमिटसाठी, म्हणजे 'मी तुमच्याकडूनच खेळेन' असं खेळाडूने विद्यापीठाला सांगण्यासाठी, मराठीत आयता शब्द आहे: 'शब्द दिला'. तोंडी कमिट म्हणजे शब्दच, बंधन कोणावरच नाही. विद्यापीठाची तोंडी ऑफरही तशीच. लेखी शिष्यवृत्तीचा कागद बारावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टआधी देता येत नाही. पुढची पायरी 'सही केली'. त्यासाठी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती पद्धतच बंद झाली आणि आता थेट आर्थिक साहाय्याच्या करारावर सही होते. तेव्हा 'शब्द दिला' आणि 'सही केली' यांत गल्लत नको. निम्म्या अफवा त्यातूनच निघतात.

डीकमिटला सगळे 'शब्द फिरवला' म्हणतात. इथे माझा आक्षेप आहे. फिरवला म्हटलं की दोष मुलावर येतो. २०२४ चं केंटकी विद्यापीठ घ्या. तिथले कोच जॉन कॅलिपारी १५ हंगामांनंतर अर्कान्सॉला गेले. बूगी फ्लँड, कार्टर नॉक्स, बिली रिचमंड या मुलांनी केंटकीला शब्द दिला होता, पण तो दिला होता कॅलिपारींकडे बघून. ते तिघेही अर्कान्सॉला गेले. यात शब्द फिरवला कोणी? कोच गेला की मुलगा 'शब्दातून मोकळा' होतो. कोच जागेवर असताना मुलाने दुसरीकडे उडी मारली तर खुशाल 'शब्द फिरवला' म्हणा.

बाऊन्सपास
'मोकळा झाला' आवडलं. पण ट्रॅव्हिस पेरी तर राहिला ना? तो केंटकी राज्यातलाच, शालेय स्पर्धेत राज्याच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारा. त्याचा शब्द कोचला नव्हता, जर्सीला होता.

लेक्सिंग्टनकर
राहिला, आणि एका हंगामानंतर मिसिसिपीला गेला. जर्सीची भावना खरी असली तरी खेळायला मिनिटं लागतात.

पारखी
पोर्टलबद्दल एक गैरसमज दर एप्रिलमध्ये उगवतो: 'पोर्टल बंद झालं, आता कोणी मिळणार नाही.' मुदत असते ती नाव घालायची. ज्याचं नाव आत आहे तो नंतर सावकाश संघ निवडू शकतो. २०२४ मध्ये पुरुषांसाठी ती मुदत १८ मार्च ते १ मे अशी ४५ दिवसांची होती. शिवाय मुख्य प्रशिक्षक बदलला तर त्या संघातल्या खेळाडूंना वेगळे ३० दिवस मिळत. पुढे ही मुदत आखडत गेली, म्हणून जुन्या वर्षाचे दिवस नव्या वर्षाला लावू नका.

शब्दाचं म्हणाल तर 'पोर्टलमध्ये गेला' याचा अर्थ 'संघ सोडला' असा होत नाही. 'नाव घातलं' म्हणा. नाव मागे घेता येतं. मात्र तोवर जुन्या विद्यापीठाने पुढची शिष्यवृत्ती काढून घेतलेली असू शकते. गोची तिथे होते.

रणजीत राज्य बदलताना ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते आपल्याला माहीत आहे. ऑक्टोबर २०१८ पूर्वी कॉलेजातही तोच प्रकार होता. जुन्या विद्यापीठाने संपर्काची परवानगी दिली नाही तर नव्या ठिकाणी शिष्यवृत्ती मिळत नसे, आणि कोच मुद्दाम प्रतिस्पर्ध्यांची नावं अडवून ठेवत. पोर्टल आल्यावर परवानगी गेली आणि सूचना आली: खेळाडूने लेखी कळवलं की कार्यालयाने कामकाजाच्या दोन दिवसांत नाव घालायचं. तरीही बास्केटबॉलमध्ये संघ बदलला की एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलापुरती ती अट उठली. २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदला. पोर्टलने सगळं बिघडवलं म्हणणाऱ्यांनी हे तीन टप्पे वेगळे करावेत. खरा धक्का पोर्टलचा नाही, बसण्याचं वर्ष उठल्याचा आहे.

शब्दवेल्हाळ
टॅम्परिंगला 'संधान बांधणं'. नाव पोर्टलमध्ये पडण्याआधी दुसऱ्या विद्यापीठाने खेळाडूशी किंवा त्याच्या माणसांशी बोलणी करायला बंदी आहे. ती मध्यस्थामार्फत चोरून चालतात. आपल्या राजकीय बातम्यांत हा शब्द रोज येतो, समजवावा लागणार नाही. आणि संधान बांधून जो आणला तो 'फोडला'. नाव पोर्टलमध्ये आल्यावर उघडपणे बोलून आणला तर 'फोडला' म्हणणं अन्याय आहे, तो 'मिळवला'.

बाऊन्सपास
मग कोचच्या पाठोपाठ जाणाऱ्यांना काय म्हणायचं? बेन मॅकॉलम यांचं उदाहरण बघा. डिव्हिजन दोनमधल्या (कॉलेज खेळाच्या दुसऱ्या स्तरातल्या) नॉर्थवेस्ट मिसूरी स्टेटला त्यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली: २०१७, २०१९, २०२१, २०२२. २०२४ मध्ये ते डे मॉइनच्या ड्रेक विद्यापीठात आले आणि त्यांच्यासोबत नॉर्थवेस्ट मिसूरीतलेच चार खेळाडू. त्यातला बेनेट स्टर्ट्झ डिव्हिजन एकच्या कोचांना शाळेत असताना दिसलाच नव्हता. ड्रेकने ३१ सामने जिंकले, फक्त ४ हरले, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत मिसूरीला ६७-५७ हरवलं. २०२५ मध्ये मॅकॉलम आयोवाला गेले, स्टर्ट्झही गेला. ड्रेकवाले म्हणतात कोचने संघ नेला. पण वर्षभरापूर्वी नॉर्थवेस्ट मिसूरीवालेही हेच म्हणू शकले असते.

शब्दवेल्हाळ
कोणाच्या तोंडी वाक्य आहे त्यावर ठरेल. ड्रेकच्या चाहत्याने 'नेले' म्हणावं, आयोवाच्या चाहत्याने 'आले', आणि तिऱ्हाइताने 'पाठोपाठ गेले'. बातमी लिहिणाराने तिसरं वापरावं.

आणि हे हेरण्याचं उदाहरण आहे, वळवण्याचं नाही. ड्रेकचा खेळ देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी एकाचा. चेंडू कमी वेळा हातात येणार, म्हणून प्रत्येक वेळी शॉट क्लॉक (फेक करायची ठरलेली मुदत) संपत येईपर्यंत चांगल्या फेकीची वाट बघायची. ही पद्धत अंगवळणी पडलेले चार जण आयते आले की नवा कोच पहिल्याच महिन्यात सामने जिंकतो. पद्धत न येणारे चार गुणवान आणले असते तर डिसेंबरपर्यंत शिकवणीच चालली असती.

पारखी
आता बायआउट. यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे, कारण पैसे दोन दिशांना जाऊ शकतात आणि शब्द एकच. विद्यापीठाने कोचला काढलं तर विद्यापीठ कोचला देतं. कोच करार संपण्याआधी गेला तर कोच विद्यापीठाला देणं लागतो. प्रत्यक्षात बहुधा नवं विद्यापीठ भरतं. पहिल्याला 'काढणावळ' आणि दुसऱ्याला 'सोडणावळ' म्हणावं असं सुचवतो. हसू नका. दळणावळ, धुणावळ चालते तर हेही चालेल.

केंटकीतच बघा. २०२४ मध्ये १४वं मानांकन असलेल्या ओकलंडने त्यांना पहिल्या फेरीत ८०-७६ हरवलं, त्यात जॅक गोल्कीने एकट्याने १० तीन-गुणी फेकी टाकल्या. दोन वर्षांपूर्वी १५वं मानांकन असलेल्या सेंट पीटर्सनेही पहिल्याच फेरीत गारद केलं होतं. चाहते ओरडत होते, काढा. पण काढणावळ सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर होती. कॅलिपारी स्वतःहून गेले आणि ती रक्कम केंटकीला द्यावी लागली नाही. म्हणून तिथे 'हकालपट्टी' लिहिणं चूक. 'पायउतार'ही नको, त्यात घरी बसल्याचा वास येतो. 'सोडून गेले' एवढंच.

'विदाउट कॉज'चं भाषांतर 'विनाकारण' करू नका. कारण असतंच, संघ हरतोय! करारातला 'कॉज' म्हणजे कोचचं गैरवर्तन किंवा नियमभंग. सामने हरणं त्यात बसत नाही. 'दोषाविना काढलं' म्हणा. आणि काढणावळीचा आकडा छापताना बघा की करारात वजावटीचं कलम आहे का. असेल तर कोचला दुसरी नोकरी लागताच तिथला पगार त्यातून वजा होतो. कलम नसेल तर दोन्हीकडून पैसे.

लेक्सिंग्टनकर
कॅरोसेलला, म्हणजे दर मोसमात होणाऱ्या कोचांच्या अदलाबदलीला, 'संगीत खुर्ची' म्हणणारे बरेच आहेत, पण तिथे दर फेरीला एक खुर्ची कमी होते. इथे खुर्च्या तेवढ्याच राहतात. २०२४ ची साखळी अशी: सदर्न मेथडिस्टने कोच काढला, तिथे अँडी एनफिल्ड आले; त्यांची सदर्न कॅलिफोर्नियातली जागा एरिक मसलमन यांनी घेतली; मसलमन यांच्या अर्कान्सॉत कॅलिपारी; कॅलिपारींच्या केंटकीत ब्रिगहॅम यंगचे मार्क पोप; आणि पोप यांच्या जागी एनबीएच्या फीनिक्स सन्सचे साहाय्यक केविन यंग. एक हकालपट्टी, पाच बदल.

शब्दवेल्हाळ
'खांदेपालट' हा शब्द छापील मराठीत रुळलेला आहे, मोसमाला तोच. एकेका कडीला 'खो बसला' म्हणता येईल: सदर्न मेथडिस्टचा खो शेवटी सन्सला बसला.

बाऊन्सपास
आणि 'गेट ओल्ड, स्टे ओल्ड', म्हणजे अनुभवी खेळाडूंचाच संघ ठेवायचा, या धोरणाला?

लेक्सिंग्टनकर
'मुरलेला संघ'. विरुद्ध बाजूला 'कोवळा'. 'वयस्कर' नको, बावीस वर्षांच्या पोराला वयस्कर म्हणणं बरं दिसत नाही.

केंटकीचंच बघा. पोप यांची नेमणूक १२ एप्रिल २०२४ ची. नाव घालायची मुदत संपायला तीन आठवडेही नव्हते आणि संघ जवळजवळ रिकामा. त्यांनी नावं बघून नाही, कामं वाटून माणसं घेतली. लांबून फेकायला डेटनचा कोबी ब्रे, आदल्या हंगामात त्याची तीन-गुणी अचूकता ४९.८ टक्के. बास्केटखाली उभा राहायला आणि तिथून पास द्यायला ड्रेक्सेलचा अमारी विल्यम्स, आपल्या कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या गटाचा) तीनदा सर्वोत्तम बचावपटू. समोरच्या गार्डला (चेंडू खेळवणाऱ्याला) दमवायला सॅन डिएगो स्टेटचा लमाँट बटलर. पद्धत आधीच येणारा म्हणून ब्रिगहॅम यंगचा जॅक्सन रॉबिन्सन. नोव्हेंबरात त्यांनी ड्यूकला ७७-७२ हरवलं आणि शेवटच्या १६ पर्यंत पोचले. अशा संघाची खोट अशी की बरेच जण अखेरच्या वर्षाचे, त्यामुळे पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तीच हेरणी पहिल्यापासून. मुरलेला संघ विकत मिळतो, मुरवलेला मिळत नाही.

पारखी
कोवळ्यांचा खेळ संपला असंही नाही. ओकलंडकडून हरलेल्या केंटकीत रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम होते, त्या वर्षीच्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) तिसरा आणि आठवा. हे उदाहरण सगळे देतात. पण पुढच्याच वर्षी ड्यूक कूपर फ्लॅग, कॉन क्निपेल आणि खामन मालुआच या तीन पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन फायनल फोरला गेला आणि ह्यूस्टनकडून फक्त ७०-६७ हरला. विजेत्या फ्लोरिडाचे गार्ड मात्र आयोना, फ्लोरिडा अटलांटिक आणि बेलमाँटमधून आलेले. वाद 'कोवळे की मुरलेले' असा मांडला की फसतो. चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, हा खरा प्रश्न.

बाऊन्सपास
रेडशर्ट राहिला. 'राखीव' म्हणावं का?

पारखी
नको. राखीव खेळाडू गरज पडली की उतरतो. रेडशर्ट उतरतच नाही. पाच वर्षांत चार हंगाम खेळायची मुभा, त्यातलं एक वर्ष न खेळता जपायचं. 'वर्ष जपलं' म्हणा. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार सामन्यांपर्यंत सूट आहे. बास्केटबॉलमध्ये एक मिनिट उतरलं तरी वर्ष जळतं. फक्त दुखापतीचा अपवाद: हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात आणि ३० टक्क्यांहून जास्त सामने न खेळता जायबंदी झाला तर अर्ज करता येतो. फेब्रुवारीत हरत्या सामन्यात 'त्या नव्या पोराला उतरवा की' म्हणून ओरडण्याआधी त्याचं वर्ष जपलंय का ते बघावं.

शब्दवेल्हाळ
पैशाचे शब्दही वेगळे ठेवा. जुलै २०२१ पासून खेळाडू आपलं नाव आणि छबी वापरू देऊन कमावतात, ती 'नावाची कमाई', देणारा बाहेरचा. जुलै २०२५ पासून विद्यापीठ स्वतः देतं तो 'वाटा', पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. 'पगार' लिहू नका, खेळाडू अजून कर्मचारी ठरलेले नाहीत.