मदत हवी आहे: मराठी बोलण्याचं संगणकाकडून विश्लेषण कसं करावं?

नमस्कार मंडळी. मानसशास्त्रात एमए करते आहे आणि प्रबंधात अडकले आहे.

गिलिंदर बेदी आणि सहकाऱ्यांचा २०१४ सालचा अमेरिकेतला प्रयोग वाचल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही. १३ जणांना वेगवेगळ्या दिवशी एमडीएमए (‘एक्स्टसी’ नावाचा अमली पदार्थ), मेथॅम्फेटामाइन (एक उत्तेजक अमली पदार्थ) किंवा नुसती निष्क्रिय गोळी दिली आणि आयुष्यातल्या महत्त्वाच्या माणसाबद्दल बोलायला सांगितलं. ते बोलणं लिहून काढून संगणकाने शब्दांची अर्थाने जवळीक मोजली. एमडीएमएच्या मोठ्या मात्रेनंतर बोलणं मैत्री, आधार, जिव्हाळा अशा कल्पनांकडे सरकलेलं दिसलं! आवाज नाही, फक्त शब्द.

माझ्याकडे व्यसनमुक्तीसाठी आलेल्या १८ जणांच्या, त्यांच्या संमतीने घेतलेल्या मुलाखती आहेत. नावं काढून टाकली आहेत. अडचण मराठीची आहे. ‘मित्र’, ‘मित्राला’, ‘मित्रांनी’, ‘मित्रासारखा’ हे संगणकाला चार वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे मोजमाप पार कोलमडतं. त्यात निम्मे जण वऱ्हाडीत बोललेत.

विभक्ती प्रत्यय काढून मूळ शब्द देणारं, बोलीभाषेवरही बऱ्यापैकी चालणारं साधन कुणी वापरलंय का? की प्रत्येक शब्द हा एक बिंदू आणि पुढच्या शब्दाकडे जाणारी रेघ, असा आलेख काढण्याची पद्धत घ्यावी? तिला प्रचंड मजकूरसाठा लागत नाही, म्हणून माझा कल तिकडे आहे. पण तिथेही ‘म्हणजे’, ‘ते काय’ असे भरीचे शब्द ठेवायचे की गाळायचे? मला वाटतं ठेवावेत, अडखळणं त्यातच दिसतं.

प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.