वेणी उलटी वळली, दुपटं उसवू का?

प्रश्न (परभणीहून): नांदेडच्या मैत्रिणीचं बाळंतपण डिसेंबरात. बाळंतविड्यात कुंची-टोपडं सगळेच देतात, म्हणून मी हौसेनं वेणीच्या विणीचं (टाके एकमेकांवरून वळवून केसांच्या वेणीसारखी नक्षी) दुपटं विणायला घेतलं. १२६ टाके, त्यात ११ वेण्या. ४० ओळी झाल्यावर दिसलं, मधली वेणी १६ ओळी खाली उलटी वळलीय. सासूबाई म्हणतात, "बाळाला काय कळायलंय?" पण मला दिसायलंय ना!

उत्तर १: सगळं उसवू नका हो. फक्त त्या वेणीचे ६ टाके सुईवरून सोडा, चुकीपर्यंत उतरवा. वळण नीट करून क्रोशाच्या सुईनं एकेक ओळ वर चढवा. मधली वळणंही परत घ्यावी लागतील.

उत्तर २: त्याआधी चुकीच्या खालच्या चांगल्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवा. हात चुकला तरी उसवण तिथंच थांबते. आणि लोकर टोचरी नाही ना? गालाला लावून बघा.

परभणीहून: लोकर मऊ आहे, बेबी वूल. काल लाईट गेली, तर मोबाईलच्या उजेडात सहाही टाके चढवले. एक जरा ढिला पडलाय. सासूबाईंना शोधायला लावलं, सापडला नाही. आता उरलंय दोन हात दुपटं आणि दीड महिना!