सीटखालचं लाइफ जॅकेट काय कामाचं?
"पोहता येतं, जॅकेट सीटखाली आहेच, वेळ आली की घालू" असं काही जण म्हणतात, पण हे म्हणणं स्पीडबोटीला लागूच पडत नाही. ताशी १०० किमी वेगात बाहेर फेकला गेलेल्याला पाण्याचा मार जबर बसतो; शुद्ध हरपली की पट्टीचा पोहणाराही हतबल. अमेरिकी कोस्ट गार्डच्या २०२२ च्या आकडेवारीत, बुडून गेलेल्यांपैकी ज्यांनी जॅकेट घातलं होतं की नाही याची नोंद होती, त्यांतल्या ८५ टक्के लोकांच्या अंगावर ते नव्हतंच!

नुसतं अडकवूनही भागत नाही. कोणालातरी खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर पट्टे आवळा. एवढ्या वेगाला फोमचंच घ्या, फुगणारं नको. चालवणाऱ्याने किल स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरीही अंगाला अडकवावीच, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून पाण्यात पडलेल्यावरच येऊ शकते.