अणुवीज प्रकल्पाच्या परवाना-सुनावणीत संवेदनशील माहिती: नागरिकाला किती पाहता येते, आणि ते कोण ठरवते?

प्रश्न: विधिअभ्यासक (पुणे)

नमस्कार. प्रशासकीय कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी अमेरिकेतील अणुवीज प्रकल्पांच्या परवाना-प्रक्रियेवर निबंध लिहीत आहे. तेथील 1954 च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम 189 नुसार, परवान्याच्या निर्णयामुळे ज्याच्या हिताला बाधा येऊ शकते अशा व्यक्तीने मागणी केली, तर न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशन या तेथील अणुनियामक संस्थेला (यापुढे ‘आयोग’) सुनावणी द्यावी लागते. हा हक्क कागदावर भक्कम दिसतो. मात्र आयोगाच्या नियमावलीत मोघम आक्षेपाला जागा नाही. अर्जातील नेमका कोणता भाग चुकीचा किंवा अपुरा आहे हे दाखवून त्याला वस्तुस्थितीचा किंवा तज्ज्ञाच्या मताचा आधार द्यावा लागतो, आणि हे सारे सुनावणीची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून सामान्यतः 60 दिवसांत करावे लागते.

दुसरीकडे, अर्जासोबतच्या कागदपत्रांतील काही पाने लोकांसाठी कोरी सोडलेली असतात आणि काही दस्तऐवज तर प्रसिद्धच होत नाहीत. जे वाचायलाच मिळत नाही त्यातील त्रुटी नागरिकाने दाखवायची कशी? आणि माहिती द्यायची की नाही हे रोखून ठेवणारी संस्थाच ठरवत असेल, तर त्यावर दाद कोठे मागायची? या प्रक्रियेशी प्रत्यक्ष परिचय असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर 1: नियमपंडित (अटलांटा)

नमस्कार. मी येथे प्रशासकीय कायद्याच्या क्षेत्रात वकिली करतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना सर्व रोखलेली माहिती एकाच गठ्ठ्यात टाकू नये, कारण प्रत्येक प्रकारासाठी कायदा वेगळा आहे आणि वादाचे स्वरूपही वेगळे आहे.

पहिला प्रकार व्यापारी गुपितांचा. अणुभट्टीची रचना करणारी कंपनी इंधनाच्या चाचण्या, संगणकीय गणनापद्धती किंवा एखाद्या झडपेचा आराखडा स्पर्धकांपासून राखून ठेवू पाहते. त्यासाठी नियमावलीच्या 2.390 या तरतुदीखाली कंपनीला शपथपत्र द्यावे लागते, आणि ती माहिती गोपनीय का मानावी याची कारणे त्यात नमूद करावी लागतात. नुसता ‘गोपनीय’ असा शिक्का मारून भागत नाही. सहसा अशा दस्तऐवजाच्या दोन आवृत्त्या सादर होतात, एक पूर्ण आणि दुसरी संवेदनशील मजकूर वगळलेली, आणि दुसरी आयोगाच्या ‘ॲडॅम्स’ या संगणकीय दस्तऐवज-संग्रहात सर्वांना पाहता येते. व्यापारी गुपिते, खासगी व्यक्तिगत तपशील आणि सुरक्षेशी संबंधित पण तुलनेने कमी धोक्याची माहिती ही सारी आयोगाच्या परिभाषेत ‘संवेदनशील, अवर्गीकृत, बिगर-सेफगार्ड्स’ या नावाखाली येते.

‘सेफगार्ड्स इन्फर्मेशन’ हा दुसरा आणि अधिक कडक प्रकार आहे. त्याचा आधार अणुऊर्जा कायद्याच्या कलम 147 मध्ये आहे. अणुवीज केंद्राची संरक्षण-योजना, पहाऱ्याची व्यवस्था आणि हल्ला झाल्यास करायच्या प्रतिकाराचे तपशील यांत मोडतात. ही माहिती लष्करी अर्थाने वर्गीकृत नसली, तरी ती अनधिकृतपणे उघड करणाऱ्यावर दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही कारवाई होऊ शकते.

आता आपल्या मुख्य अडचणीकडे येतो. सुनावणीच्या सूचनेसोबत आयोग बहुधा एक आदेश जोडतो, आणि आक्षेप तयार करण्यासाठी अशी माहिती कशी मागावी याचे वेळापत्रक त्यात असते. सूचना प्रसिद्ध झाल्यापासून 10 दिवसांत अर्ज करायचा. आपण कोण, या निर्णयाचा आपल्यावर काय परिणाम होतो आणि प्रसिद्ध झालेली आवृत्ती आपल्या आक्षेपासाठी का पुरत नाही, हे त्यात लिहायचे. अर्ज मिळाल्यापासून 10 दिवसांत आयोगाचे कर्मचारी दोन गोष्टी तपासतात: अर्जदाराला सुनावणीत उभे राहण्याचा अधिकार असण्याची वाजवी शक्यता आहे काय, आणि त्याची माहितीची गरज खरी आहे काय. उत्तर होकारार्थी असल्यास गोपनीयतेचा करार किंवा शपथपत्र करून, अथवा पीठासीन अधिकाऱ्याच्या संरक्षक आदेशाच्या अटींवर माहिती मिळते, आणि तिच्यावर आधारलेला आक्षेप मांडण्यासाठी सामान्यतः 25 दिवस दिले जातात. म्हणजे 60 दिवसांची मूळ मुदत उलटली, तरी केवळ तेवढ्या कारणाने असा आक्षेप बाद होत नाही. सेफगार्ड्स माहितीसाठी याशिवाय बोटांचे ठसे, एफबीआयकडून गुन्हेविषयक नोंदींची पडताळणी आणि विश्वासार्हतेची चौकशी होते. ती माहिती समजून घेण्याइतकी तांत्रिक पात्रता असल्याचेही दाखवावे लागते.

माहिती नाकारली गेली तर पाच दिवसांत दाद मागता येते, आणि ही दाद कर्मचाऱ्यांकडे नव्हे तर स्वतंत्र पीठासीन अधिकाऱ्याकडे जाते. तेथे बहुधा परवाना-मंडळाचे न्यायाधीश असतात. मंडळ तीन सदस्यांचे असते. त्यात सहसा एक कायदेतज्ज्ञ आणि दोन तांत्रिक विषयांचे जाणकार असतात. 2008 च्या मार्च महिन्यात आयोगाने नियम बदलून अशा निर्णयावर लगेच आयोगाकडे अपील करण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे संपूर्ण सुनावणी संपेपर्यंत थांबावे लागत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी: माहिती देण्याचा निर्णय झाला तर तिच्या मालक कंपनीलाही त्याला आव्हान देता येते.

माझे मत स्पष्ट आहे. ही चौकट मुळात योग्य आहे, पण पहिली पायरी सदोष आहे. सुनावणीत आयोगाचे कर्मचारी बहुधा स्वतः एक पक्षकार असतात आणि अनेकदा अर्जाच्या बाजूने उभे राहतात. प्रतिपक्षाने काय वाचावे हे प्रथम त्यांनीच ठरवावे, हे न्यायाच्या दृष्टीने खटकते. शिवाय हजारो पानांच्या अर्जात आपल्याला काय हवे आहे हे 10 दिवसांत ओळखणे साध्या नागरिक-गटाला फार कठीण जाते. ज्यांच्याकडे आधीपासून तज्ज्ञ आणि वकील आहेत, तेच ही मुदत पाळू शकतात.

उत्तर 2: तटरक्षक (निवृत्त, नवी मुंबई)

नियमपंडित यांचे विवेचन नेमके आहे. मी भारतातील अणुऊर्जा क्षेत्रात संरक्षण-व्यवस्थेशी संबंधित काम केले आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते.

संरक्षण-योजनेतील तपशील एकेकटे पाहिले तर निरुपद्रवी वाटतात. अमुक दरवाजापासून तमुक खोलीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, पाळी कधी बदलते, आणि कोणती उपकरणे एकाच वेळी निकामी झाली तर गाभ्याचे शीतकरण थांबेल, यांपैकी एखाद्या गोष्टीचा अंदाज बाहेरच्या माणसालाही करता येईल. परंतु या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हल्लेखोराचे अर्धे काम झालेले असते. 11 सप्टेंबर 2001 नंतर आयोगाने काही काळ आपले संकेतस्थळच बंद केले, आणि ऑक्टोबर 2004 मध्ये ॲडॅम्सवरील दस्तऐवज पुन्हा तपासणीसाठी लोकांच्या नजरेआड केले. तेव्हा त्यावर टीका झाली, आणि सरसकट दार बंद करणे मलाही पटत नाही. पण माहितीचे सुटे तुकडे जुळवले जाण्याची त्यामागची भीती निराधार नव्हती.

म्हणून सुरक्षा आणि संरक्षण या दोन बाबी अलग ठेवाव्यात, असे मला कळकळीने वाटते. भूकंपात पंप टिकेल काय, पूर आला तर डिझेल जनित्रे पाण्याखाली जातील काय, वापरलेल्या इंधनाच्या कुंडाला पर्यायी पाणी कोठून मिळेल, हे सुरक्षेचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे लोकांपुढेच असली पाहिजेत. पहारेकऱ्यांची संख्या आणि त्यांच्या जागा हा संरक्षणाचा प्रश्न आहे. आयोगाचा 2009 चा विमान-आघातविषयक नियम या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. मोठे व्यापारी विमान आदळले तर काय होईल याचे मूल्यमापन नव्या रचनेच्या अणुभट्ट्यांसाठी त्याने बंधनकारक केले. कोणत्या प्रकारचा आघात गृहीत धरायचा याचे तपशील राखून ठेवले आहेत; मात्र त्या मूल्यमापनाच्या आधारे रचनेत कोणती वैशिष्ट्ये ठेवली, याचे वर्णन अर्जात द्यावेच लागते. धोक्याचा तपशील झाकलेला आणि उपायाचे वर्णन उघड, ही विभागणी मला समंजस वाटते.

आणखी एक जुना दाखला. कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅन्यन केंद्राच्या प्रकरणात 1977 साली आयोगाच्या अपील मंडळाने ठरवले की, संरक्षण-योजनेवर आक्षेप घेणाऱ्या पक्षाला तिचा संबंधित भाग दाखवता येईल, पण तो पाहणारा साक्षीदार त्या विषयाचे मूल्यमापन करण्याइतका जाणकार असला पाहिजे आणि संरक्षक आदेशाने बांधलेला असला पाहिजे. पुढे त्या योजनेवरची सुनावणी बंद दालनात झाली. संरक्षण-योजनेची कठोर तपासणी विरोधी पक्षाच्या तज्ज्ञाकडून होणे हे केंद्राच्याही हिताचे असते, हे मी अनुभवाने सांगतो. घरातल्या माणसांना रोज पाहून पाहून जी फट दिसेनाशी होते, ती परक्याच्या नजरेला चटकन दिसते.

उत्तर 3: राजापूरकर (रत्नागिरी जिल्हा)

दोन्ही उत्तरे वाचून आपल्याकडची स्थिती सांगाविशी वाटली, कारण विषय अमेरिकेचा असला तरी त्याचा एक धागा थेट जैतापूर अणुवीज प्रकल्पाच्या माडबन गावापर्यंत येतो.

जैतापूर प्रकल्पात ईपीआर या फ्रेंच रचनेच्या, प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे एकूण 9900 मेगावॉट, मुळात नियोजित होत्या; पुढे ही क्षमता प्रत्येकी 1730, म्हणजे एकूण 10380 मेगावॉट, सांगितली गेली. त्याच ईपीआरच्या अमेरिकी आवृत्तीसाठी फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीने आयोगाकडे रचना-प्रमाणपत्राचा अर्ज केला होता. 2015 मध्ये कंपनीच्याच विनंतीवरून ती छाननी थांबली. मात्र तोवर सादर झालेल्या सुरक्षा-विश्लेषण अहवालाची, गोपनीय मजकूर वगळलेली आवृत्ती आयोगाने सर्वांसाठी खुली ठेवली होती. मेरीलँडमधील कॅल्व्हर्ट क्लिफ्स येथे ईपीआर उभारण्याच्या अर्जावर नागरिक-संघटनांनी परकीय मालकीचा आक्षेप घेतला आणि 2012 साली परवाना-मंडळाने तो मान्य केला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला ईपीआरच्या सुरक्षाविषयक बाबी सविस्तर वाचायच्या असतील, तर त्याला अमेरिकेच्या संकेतस्थळाकडे वळावे लागावे, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आपल्याकडे 16 मे 2010 रोजी माडबनला जनसुनावणी झाली, पण ती पर्यावरणीय मंजुरीसाठी होती. पर्यावरण-अहवालाची मराठी प्रत वेळेत मिळाली नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. जागेची निवड, बांधकाम आणि कार्यान्वयन यांना संमती देणाऱ्या अणुऊर्जा नियामक परिषदेपुढे मात्र, नागरिकाने पक्षकार म्हणून उभे राहून तज्ज्ञाची उलटतपासणी करावी, अशी सुनावणीच झाली नाही. त्यामुळे अमेरिकेत ‘सुनावणीत ही माहिती मिळेल काय’ असे विचारले जाते, तर येथे तो प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जापासून सुरू होतो.

तामिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाने 2012 साली दिलेला आदेश म्हणूनच महत्त्वाचा आहे. पुरवठादारांच्या रचनेचे मालकी तपशील वगळून सुरक्षा-विश्लेषण अहवाल आणि स्थळ-मूल्यमापन अहवाल द्यावेत, असे त्यात म्हटले होते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 मध्ये हीच तरतूद आहे: झाकण्याजोगा भाग वेगळा काढावा आणि उरलेला द्यावा. अख्खा अहवाल कुलपात ठेवण्याऐवजी नेमकी कोणती पाने का झाकली याचे उत्तर देणे अधिकाऱ्यावर येते. सामान्य माणसाच्या हातात एवढेच साधन असते, आणि ते फार मोलाचे असते.

विधिअभ्यासक (पुणे)

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. पर्यावरण-कायद्यानुसार आयोगाने एखाद्या धोक्याचा विचार करणे बंधनकारक असेल, पण तो विचार ज्या कागदपत्रांवर आधारलेला आहे ती सर्वच गोपनीय असतील, तर न्यायालये काय म्हणतात?

नियमपंडित (अटलांटा)

यासाठी ‘सॅन लुईस ओबिस्पो मदर्स फॉर पीस’ या संघटनेची दोन प्रकरणे पाहावीत. दोन्ही डायब्लो कॅन्यन येथील वापरलेल्या इंधनाच्या कोरड्या साठवणुकीसंबंधी आहेत. 2006 मध्ये नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे संघीय अपील न्यायालयाचा प्रादेशिक विभाग) अपील न्यायालयाने सांगितले की, दहशतवादी हल्ल्याच्या पर्यावरणीय परिणामांचा विचार करण्यास आयोगाने सरसकट नकार देणे राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याशी सुसंगत नाही. माहिती संवेदनशील असल्यामुळे ती लोकांपुढे किती मांडायची यावर मर्यादा येऊ शकते, पण त्या कारणाने विश्लेषणच टाळता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

त्यानंतर कर्मचाऱ्यांनी 2007 मध्ये पुरवणी मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यामागची गोपनीय कागदपत्रे पाहता यावीत आणि बंद दालनात सुनावणी व्हावी, अशी संघटनेची मागणी होती. आयोगाने ती फेटाळली, आणि 2011 मध्ये त्याच न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम ठेवला. मध्यंतरी 2009 साली तिसऱ्या सर्किटने न्यू जर्सीतील ऑयस्टर क्रीक अणुवीज केंद्राच्या प्रकरणात 2006 च्या निकालाशी उघडपणे असहमती दर्शवली होती.

आपल्या निबंधासाठी मी 1977 चा अपील मंडळाचा निर्णय आणि 2011 चा निकाल शेजारी ठेवून वाचण्याचा आग्रह धरीन. पहिल्यात पात्र तज्ज्ञाला बंद दालनात प्रवेश मिळाला, दुसऱ्यात संघटनेसाठी ते दालन उघडलेच नाही. दोन्हींत केंद्र तेच होते आणि आयोगही तोच, फक्त पहिला वाद केंद्राच्या संरक्षण-योजनेचा होता आणि दुसरा पर्यावरणीय मूल्यमापनाचा. या फरकामुळे नागरिकाच्या हक्कात इतके अंतर पडणे समर्थनीय आहे काय, हे तपासण्याजोगे आहे. मला स्वतःला ते समर्थनीय वाटत नाही. संरक्षक आदेश, पडताळणी आणि बंद दालन ही साधने एकदा संरक्षण-योजनेसारख्या सर्वांत नाजूक दस्तऐवजासाठी वापरता आली असतील, तर त्याहून कमी नाजूक विश्लेषणासाठी ती अपुरी का ठरावीत, याचे समाधानकारक उत्तर मला 2011 च्या निकालात सापडत नाही.